सुटलेला बंध आणि चालणारा गुडघा

गुडघा मुरगळला, सुजला, पंधरा-वीस दिवसांनी सूज उतरली आणि मनुष्य पुन्हा चालू लागला, की आपल्याकडे गुडघा 'बसला' असे म्हणतात. काहीतरी जागेवरून हलले होते ते जागेवर आले, आता चिंता नको, अशी लोकांची सारी समजूत त्या एका शब्दात सामावलेली आहे. पुष्कळदा ती खरीही ठरते. पण असा एखादा मनुष्य वर्ष-दोन वर्षांनी एस.टी.तून उतरताना पाय टेकून वळतो आणि गुडघा एकाएकी दगा देतो. दुखणे असे काही नसते, पायाखालची फळी सरकावी तसे क्षणभर होते आणि तो खाली बसतो. सरळ रस्त्याने दोन कोस तो बिनतक्रार चालतो. वळताना मात्र त्याचा स्वतःच्या पायावर विश्वास राहिलेला नसतो.

आज आम्ही ज्या इतिहासाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधणार आहोत तो या माणसाचा आहे. गुडघ्याच्या आतला एक बंध तुटला, तर पुढे दहा, वीस, तीस वर्षे तो गुडघा कसा हलतो? प्रश्न साधा दिसतो. त्याचे उत्तर शोधण्यात मात्र दोनशे वर्षे गेली आहेत, आणि ते पुरते हाती आले आहे असे आजही म्हणता येत नाही.

आधी गुडघ्याची रचना समजून घेतली पाहिजे. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी अशी आपली कल्पना असते; ती चूक आहे. मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. खुब्यात जशी खोल वाटी असते तशी येथे नाही. पुढे जी वाटी आपण हाताने चाचपतो ती सांध्याचे झाकण आहे, आधार नव्हे. सारा आधार बंधांचा. दोन बंध दोन बाजूंस, आणि दोन अगदी आत, एकमेकांना फुलीसारखे ओलांडून गेलेले. डॉक्टर मंडळी त्यांना क्रूसिएट लिगामेंट म्हणतात. आपण फुलीचे बंध म्हणू. त्यांपैकी पुढचा, म्हणजे हल्ली वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवर 'एसीएल' या नावाने गाजणारा, जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीचा आहे. नडगीला पुढे सरकू न देणे आणि तिला वाजवीपेक्षा अधिक पिळू न देणे हे त्याचे काम.

गुडघा वाकतो तेव्हा मांडीचे हाड नडगीवर नुसते फिरत नाही. ते गडगडते, घसरते आणि थोडे वळतेही. चालताना गुडघा सुमारे ६० अंश वाकतो, जिना चढता-उतरताना ९० च्या आसपास, आणि उकिडवे बसताना दीडशेच्या घरात जातो. पाय पुरता सरळ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेरच्या अंगास वळते आणि स्क्रू आवळावा तसा सांधा घट्ट होतो. म्हणूनच आपण फारसे श्रम न पडता उभे राहू शकतो. पुढचा बंध तुटला की वाकणे-सरळ होणे राहते. बिघडते ते घसरणे आणि वळणे. आमच्या त्या एस.टी.तून उतरणाऱ्या माणसाचे कोडे एवढेच आहे.

या बंधांचे महत्त्व प्राचीनांना ठाऊक नव्हते असे नाही. सुश्रुताने शरीरात नऊशे 'स्नायु' मोजले आणि फळ्या दोरांनी नीट बांधल्या म्हणजे नाव जशी पाण्यात भार वाहते, तसे सांध्यांना जखडणाऱ्या या स्नायूंच्या बळावर शरीर भार वाहते असा दृष्टांत दिला. हाडाला किंवा मांसाला झालेल्या इजेपेक्षा स्नायूची इजा अधिक घातक, असेही त्याचे मत आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज मराठीत आपण स्नायू म्हणतो तो मांसाचा पेशीसमूह. सुश्रुताचा स्नायु म्हणजे बांधणारा बंध. शब्द तोच राहिला आणि अर्थ सरकला, त्यामुळे ग्रंथ वाचताना पुष्कळांचा घोटाळा होतो. गुडघ्याच्या मर्मावर आघात झाल्यास लंगडेपण येते, हेही सुश्रुताने नोंदवले आहे. पश्चिमेकडे गेलेनने सांध्यांच्या बंधांचे वर्णन केले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पर्गामम या नगरीत तो ग्लॅडिएटरांचा वैद्य होता. तुटलेले गुडघे पाहण्यास त्याहून चांगली जागा शोधून सापडली नसती!

पण बंध आहे हे जाणणे वेगळे आणि तो गेला तर चालीत काय बदलते हे मोजणे वेगळे. मोजण्याचा आरंभ गॉटिंगेन येथे १८३६ साली झाला. विल्हेल्म आणि एडुआर्ट हे वेबर बंधू. एक पदार्थविज्ञानाचा अध्यापक, दुसरा शरीररचनेचा अभ्यासक. विल्हेल्म वेबर म्हणजे गाउसबरोबर तारायंत्राचे प्रयोग करणारा आणि १८३७ साली राजाने राज्यघटना मोडली म्हणून निषेध करून नोकरी गमावणाऱ्या सात प्राध्यापकांपैकी एक. या दोघांनी माणसाच्या चालण्याचे यंत्रशास्त्र लिहिले. गुडघ्यातले गडगडणे आणि घसरणे त्यांनी वर्णिले आणि मृत शरीरातील फुलीचे बंध कापले असता नडगी पुढे-मागे अस्वाभाविक सरकते हे दाखवले. रोग्याचे नावही न घेता, घड्याळजीच्या वृत्तीने केलेले हे काम आहे, आणि आमच्या मते या विषयाचा खरा पाया तेथेच घातला गेला.

रोग्याकडे पाहणारा माणूस फ्रान्समध्ये निघाला. लिआँ शहरातील शल्यवैद्य आमेदे बॉने याने १८४५ साली सांध्यांच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. 'कट्' असा आवाज, सांध्यात रक्त साचून भराभर येणारी सूज, आणि पायाचा गेलेला उपयोग ही बंध तुटल्याची तीन लक्षणे त्यात सांगितली आहेत. आजही कबड्डीच्या मैदानावर चढाई करणारा गडी वळता वळता कोसळला, की डॉक्टर प्रथम याच तीन गोष्टी विचारतात. बॉनेची दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. सांधा फार दिवस बांधून ठेवला तर तो आतून नासतो हे त्याने ओळखले, आणि सांध्यांना हालचाल देण्यासाठी यंत्रे तयार केली. १८५० साली एडिंबरोच्या जेम्स स्टार्कने फुलीचे बंध तुटलेल्या दोन रोग्यांची हकीकत छापली. त्यांच्यावर शस्त्र न चालवता, पाय बांधून उपचार केले होते. म्हणजे 'बांधून ठेवा' आणि 'हलवत राहा' हे दोन पक्ष इतके जुने आहेत. पुढची सव्वाशे वर्षे पहिल्याचीच सरशी झाली.

१८७५ साली पॅरिसमध्ये नूलिस नावाच्या ग्रीक विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात एक तपासणी सांगितली. गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी घट्ट धरावी, दुसऱ्याने नडगी पुढे ओढावी. ती सैल सरकली तर पुढचा बंध गेला. किती सोपी गोष्ट! उपकरण नको, पैसा नको. पण प्रबंध धूळ खात पडला. तीच तपासणी १९७६ साली अमेरिकेत टॉर्ग याने आपले गुरू लॅकमन यांच्या नावाने प्रसिद्ध केली, तेव्हा ती जगभर गेली. मधल्या शंभर वर्षांत किती जणांना नुसती मुरगळ आहे म्हणून घरी पाठवले असेल याचा हिशेब कोण देणार?

शस्त्रक्रियेची कथा एका खाणकामगारापासून सुरू होते. इंग्लंडात लीड्स येथे मेयो रॉबसन याने १८९५ साली एका ४१ वर्षांच्या खाणकामगाराचा गुडघा उघडला. खाणीत माती कोसळून त्याला इजा झाली होती आणि आठ-नऊ महिने तो अधू होता. आत पाहतो तो फुलीचे दोन्ही बंध तुटलेले. रॉबसनने ते जागच्या जागी शिवले. या प्रसंगात आम्हांला शिवणकामापेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते: त्याने लगेच बढाई मारली नाही. सहा वर्षांनंतर रोगी कसा चालतो हे पाहिले आणि मग १९०३ साली वृत्तांत छापला. पाय मजबूत आहे असे त्या कामगाराचे स्वतःचे म्हणणे होते. बंधाच्या दुखापतीचा न्याय सहा महिन्यांत करायचा नसतो हे ध्यानात घेऊन वागलेला हा शल्यवैद्य. त्याच्या मागून आलेल्या अनेकांना हा धीर राहिला नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज याने पुढचे पाऊल टाकले. तुटलेला बंध शिवण्याऐवजी त्याने मांडीच्या बाहेरच्या अंगाची चिवट पट्टी घेतली, हाडांत बोगदे पाडले आणि ती पट्टी त्यांतून ओवून नवा बंध केला. आजची शस्त्रक्रिया तत्त्वतः हीच आहे. फरक पट्टीचा आणि हत्यारांचा. १९६३ साली अमेरिकेतील केनेथ जोन्स याने वाटीखालच्या कंडरेचा मधला तिसरा हिस्सा वापरला, पुढे मांडीमागच्या कंडराही वापरात आल्या.

येथे थोडे थांबून जपानकडे पाहू, कारण जपानचे दुःख आपल्याला चटकन समजण्याजोगे आहे. टोकियोत १९१८ साली केंजी ताकागी याने मूत्राशयात पाहण्याची दुर्बीण एका मृताच्या गुडघ्यात घालून पाहिली. तो काही फुलीच्या बंधांच्या मागे नव्हता. त्याला क्षयाने आखडलेल्या गुडघ्यांची चिंता होती. युरोपातला मनुष्य आखडलेला गुडघा घेऊन खुर्चीवर बसेल. जपानात पाय दुमडून जमिनीवर बसता आले नाही तर चारचौघांत वावरणे कठीण. या सामाजिक अडचणीतून गुडघ्याची दुर्बीण जन्मास आली. ताकागीचा शिष्य मासाकी वातानाबे याने १९५७ साली अशा दर्शनांची चित्रावली प्रसिद्ध केली, आणि १९८० साली केंब्रिजच्या डँडीने दुर्बिणीच्या साहाय्याने पुढचा बंध नव्याने बसवला. पाटावर मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसून भांडी घासणाऱ्या आणि धुणे धुणाऱ्या आपल्या लोकांना ताकागीची चिंता समजावून सांगावी लागणार नाही. उलट पाश्चात्त्य प्रश्नावल्यांत रोग्याला पळता येते का, उडी मारता येते का, गुडघे टेकता येतात का, उकिडवे बसता येते का, हे विचारतात. १९९८ पासून सर्वत्र रूढ झालेल्या अशा एका प्रश्नावलीत मांडी घालून बसण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडचा रोगी मात्र दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतो.

असो. दुसऱ्या महायुद्धानंतर फुटबॉलच्या मैदानांनी खाणींची जागा घेतली. १९५० साली ओक्लाहोमाच्या ओ'डोनह्यू याने लौकर शस्त्रक्रिया करून बंध शिवावेत असा जोरदार पुरस्कार केला. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात तरुण छात्रांचे तुटलेले बंध असे शिवले गेले. दोन वर्षांनी पाहता बहुतेकांचे गुडघे उत्तम. तेथेच थांबले असते तर सर्वत्र जयजयकार झाला असता. पण फीगिन आणि कर्ल यांनी पाच वर्षांनंतर तेच गुडघे पुन्हा तपासले आणि १९७६ साली निष्कर्ष छापला: बहुतेक सर्व गुडघे पुन्हा डळमळू लागले होते. स्वतःच्याच हातच्या कामावर असा निकाल देणे सोपे नाही. या विषयाच्या इतिहासात एवढा प्रामाणिक कागद क्वचितच सापडेल. शिवणे मागे पडले आणि ग्रोव्ह्जच्या वाटेने नवा बंध घालणे सर्वत्र रूढ झाले.

परंतु नवा बंध घातल्यावरही पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये जखडून ठेवीत. प्लास्टर काढावे तो मांडी वाळून काठीसारखी झालेली आणि गुडघा ना पुरता सरळ, ना पुरता वाकडा. इंडियानापोलिसच्या शेलबोर्नच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. सांगितलेले पथ्य न पाळता लौकर चालू-फिरू लागणारे द्वाड रोगीच आज्ञाधारकांपेक्षा चांगले बरे होत होते! १९९० साली त्याने आणि नित्झने लौकर हालचालीची पद्धत मांडली. पहिल्या दिवसापासून गुडघा पुरता सरळ करायचा, पायावर भार द्यायचा. बॉनेचे म्हणणे असे दीडशे वर्षांनी आणि तेही अवज्ञा करणाऱ्या रोग्यांच्या कृपेने मान्य झाले. सरळपणात तीन-चार अंशांची तूट राहिली तर सामान्य माणसाला ती दिसतही नाही; पण तेवढीही पुढे त्रास देते हे शेलबोर्ननेच दीर्घकाळ रोगी पाहून दाखवले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. गुडघा पुरता सरळ झाला, पुरता वाकला, डळमळतही नाही. तर तो पूर्वीसारखा हलतो का? हे डोळ्यांनी कळत नाही. चालणे मोजण्याची खटपट लाइपझिगच्या ब्राउने आणि फिशर यांनी १८९१ साली केली होती. रात्रीच्या अंधारात एका सैनिकाच्या अंगावर विजेने चमकणाऱ्या नळ्या बांधून त्यांनी छायाचित्रे घेतली; नुसती ती तयारी कित्येक तास चाले आणि पुढची आकडेमोड कित्येक वर्षे. नंतर यंत्रे आली आणि आकडेमोड मिनिटांवर आली. १९९० साली शिकागो येथे बर्चक, आंद्रियाकी व त्यांचे सहकारी यांनी पुढचा बंध नसलेल्या १६ जणांची चाल मोजली. त्यांपैकी १२ जण मांडीच्या पुढच्या स्नायूला ताण द्यायचे टाळून चालत होते. तो स्नायू नडगीला पुढे ओढतो. बंध नाही म्हणून शरीराने न सांगताच ती ओढ कमी केली होती. रोग्याला याची गंधवार्ताही नव्हती. पुढे इतरांना हे प्रमाण इतके मोठे आढळले नाही हे खरे, पण बंध गेल्यावर मेंदू चाल नव्याने शिकतो ही गोष्ट पक्की झाली. त्याला कारणही आहे. फुलीच्या बंधात ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोके असतात हे १९८४ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. बंध म्हणजे नुसता दोर नव्हे, बातमीदारही आहे. नवा दोर बांधता येतो. बातमीदाराची जागा भरणे तितके सोपे नाही.

याहून बारीक मोजमाप डेट्रॉइटला झाले. टॅशमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवा बंध बसवलेल्या ६ जणांच्या हाडांत शस्त्रक्रियेच्या वेळी धातूचे बारीक मणी ठेवले होते. त्यांना उतारावर धावायला लावून सेकंदाला २५० क्ष-किरण चित्रे घेतली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नडगीचे पुढे सरकणे थांबले होते, म्हणजे शस्त्रक्रियेने आपले काम केले होते. पण दुसऱ्या पायाच्या मानाने नडगी सुमारे चार अंश बाहेर वळलेली राहत होती. चार अंश म्हणजे घड्याळाच्या मिनिटकाट्याची एका मिनिटाची चालही नव्हे. मनुष्य रोज हजारो पावले टाकतो हे मात्र विसरता कामा नये. जी कूर्चा पूर्वी भार घेत नव्हती ती आता घेऊ लागते, आणि जी घेत होती ती मोकळी राहते. जात्याचा खुंटा किंचित कलला तर पाळी कशी एका अंगाने झिजते हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. आंद्रियाकी आदींनी संधिवाताचे एक मूळ या सरकलेल्या भारात असावे असे मांडले.

मूळ काहीही असो, फळ पुढे आले. त्याच २००४ साली स्वीडनमधून लोहमांडर यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलींची पाहणी प्रसिद्ध केली. बंध तुटून १२ वर्षे झाली होती आणि त्यांचे सरासरी वय अवघे ३१ होते. क्ष-किरण काढलेल्यांपैकी ८२ टक्क्यांच्या गुडघ्यात फेरफार दिसले, आणि निम्म्यांहून अधिक जणींच्या गुडघ्यात संधिवात. एकतिसाव्या वर्षी म्हातारीचा गुडघा! शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या मुलींत या बाबतीत फरक आढळला नाही. एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींचा हा बंध अधिक वेळा तुटतो हेही आता सिद्ध आहे. आपल्या गावोगावच्या कबड्डी-खोखोच्या मुलींना शिकवणाऱ्यांनी याची दखल घेतली पाहिजे असे आम्हांला आग्रहाने सांगावेसे वाटते. येथे एक खुलासा हवा. बंधाबरोबर पुष्कळदा गुडघ्यातली चकतीही फाटते, आणि चकती काढून टाकलेला गुडघा झिजतो हे इंग्लंडच्या फेअरबँकने १९४८ सालीच दाखवले होते. सारा दोष बंधाच्या माथी मारता येणार नाही.

मग शस्त्रक्रिया करावी की न करावी? स्वीडनमध्येच हा प्रश्न न्यायाने सोडवण्याचा प्रयत्न झाला. नुकताच बंध तुटलेल्या १२१ तरुण-तरुणींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. ६२ जणांवर लगेच शस्त्रक्रिया व नंतर व्यायाम. ५९ जणांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. २०१० साली दोन वर्षांचा निकाल छापला तेव्हा दोन्ही गट मुख्य मोजमापात सारखेच निघाले. दुसऱ्या गटातील २३ जणांनी तोवर शस्त्रक्रिया करून घेतली होती. पाच वर्षांत हा आकडा ३० झाला. म्हणजे निम्म्यांना ती लागली आणि निम्म्यांना लागली नाही. यावरून शस्त्रक्रिया निरुपयोगी असे अनुमान काढणारे चूक करतात. ज्याचा गुडघा वारंवार दगा देतो त्याची चकती प्रत्येक वेळी धोक्यात येते. त्याने वाट पाहत बसू नये. परंतु बंध तुटल्याचे चित्र हाती येताच घाबरून घरदार गहाण टाकायलाही कोणी धावू नये.

याच १२१ जणांच्या कागदपत्रांतून नुकतीच आणखी एक गोष्ट बाहेर आली. पुढचा बंध तुटला की पुन्हा जुळत नाही, सांध्यातल्या द्रवात तो विरून जातो, असे पिढ्यान् पिढ्या शिकवले जात होते. २०२३ साली फिल्बे आणि सहकाऱ्यांनी त्या रोग्यांची दोन वर्षांनंतरची चुंबकीय चित्रे पुन्हा तपासली. केवळ व्यायामावर राहिलेल्या ३० जणांपैकी १६ जणांत तुटलेला बंध जुळल्याची चिन्हे दिसली. जुळलेला बंध पहिल्याइतका बळकट असतो का, आणि वळताना नडगीला तो किती आवरतो, हे चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी ही माणसे चालताना, जिना उतरताना, जमिनीवर बसताना वर्षानुवर्षे पाहावी लागतील. हे रोगी २००२ ते २००६ या काळात निवडले गेले, तेव्हा त्यांतला धाकटा १८ वर्षांचा होता आणि थोरला ३५ चा.